वर एक गोळी

मोजण्याच्या बाबतीत पनवेलमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी तेहतीस वर्षं समजत आलो. माझं औषधाचं दुकान आहे. आम्ही ज्यू, शनिवारी आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, दुकान बंद; म्हणून शुक्रवारी दुपारी शटर अर्धं ओढायचं आणि एक कपाट मोजून काढायचं, हा वडिलांनी घालून दिलेला नेम. सहा शुक्रवारांत सगळं दुकान मोजून होतं. कॉम्प्युटर म्हणतो तेवढ्याच गोळ्या फळीवर निघाल्या की मला जेवण गोड लागतं. बायको एलिशेवा म्हणते, "माझं लग्न बेंजामिनशी नाही, वजनकाट्याशी झालंय."

पण सांगायचं आहे ते शशिकलाबद्दल. ही एकोणीस वर्षं माझ्या काउंटरवर आहे. माहेर-सासर दोन्ही उलव्याकडचं, खाडीकाठचं. आई गुणाबाई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची. लेकीचं शिक्षण दहावीला थांबलं आणि इंग्रजी नावं वाचताना तिचे ओठ अजून हलतात. तरी कुठलं औषध कुठल्या फळीवर, हे तिला झोपेत विचारा. डॉक्टरांचं अक्षर मला लागत नाही तेव्हा ती चिठ्ठीकडे न बघता माणसाकडे बघते, "पोट बिघडलंय ना, काका?" म्हणते आणि नेमक्या फळीकडे बोट दाखवते. मी डॉक्टरांना फोन करून खात्री करतो. ती एकदाही चुकलेली नाही, याचा मला मनापासून राग येतो.

नवरा कळंबोलीला ट्रकवर आहे, महिन्यातून आठ दिवस काम, बाकी पत्ते. घर चालतं ते शशिकलाच्या पगारावर. मी रागावलो की तिला अहोजाहो करतो. "शशिकलाबाई, तुम्ही" एवढं ऐकलं की ती ओढणी कंबरेला बांधून भांडायला तयार होते.

आमचं गिऱ्हाईक पूर्ण पट्टी क्वचित घेतं. चार द्या, सहा द्या. त्यामुळे कात्रीनं कापलेल्या पट्ट्यांचा एक वेगळा डबा काउंटरवर असतो, आणि हा डबा मला वर्षानुवर्षं छळत आलाय. दर मोजणीत त्यात पाच-सात गोळ्या कमी. आधी मी उंदरांवर संशय घेतला. पण उंदीर नेमकी ताप-अंगदुखीचीच गोळी का खाईल? मग कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. शेवटी काय करायचो, तर 'तुटफूट' असं लिहून आकडा फळीला जुळवून घ्यायचो. कमी का पडल्या हे न शोधता आकडा जुळवला की तेवढ्यापुरतं समाधान वाटतं. हे मी, मोजण्याच्या बाबतीत हात न धरू देणारा माणूस, करत होतो!

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी ते माझ्या अंगाशी आलं. घाऊक व्यापाऱ्याचा निरोप आला: तापाच्या गोळ्यांचा अमुक बॅच सदोष आहे, विक्री थांबवा, दिलेल्या गोळ्या परत मागवा. मी बॅच काढला. आलेल्या दोनशे. फळीवर आणि डब्यात मिळून एकशे अठ्ठावीस. बिलावर गेलेल्या एकसष्ट. त्या घेणाऱ्यांची नावं आणि फोन माझ्याकडे होते, अर्ध्या तासात सगळ्यांना कळवून झालं. पण उरलेल्या अकरा? कोणाच्या घरात, कोणाच्या पोटात, काही पत्ता नाही. इथे 'तुटफूट' लिहून भागणार नव्हतं.

"शशिकलाबाई," मी ओरडलो, "अकरा गोळ्या कुठे गेल्या?"

या वेळी तिनं ओढणी बांधली नाही. "शेट, त्या मी दिल्या. वर."

"वर म्हणजे?"

"चार गोळ्या घेतल्या की वर येक. माझी आय मांदेलीचा वाटा द्यायची तवा वर दोन टाकायचीच. त्याबिगर गिऱ्हाईक हलत नाय. आमच्याकडं रिवाजच हाय."

"अगं, ही औषधं आहेत, मांदेली नव्हेत!"

"पण गिऱ्हाईक तर तीच हायत ना? आन शुगर-बीपीची गोळी मी कवा वर दिली नाय. मी काय येडी हाय?"

एकोणीस वर्षं माझ्या नाकासमोर मासळीबाजार चालला होता आणि मी उंदरांचे पिंजरे लावत होतो! मी कागद-पेन घेतलं. "कोणाकोणाला दिल्या, सांग."

तिनं डोळे मिटले आणि सांगत गेली. बंदरावरचे बुधाजी, गुडघे धरलेले. भाजीवाली, तिच्या पोराला ताप. दाढदुखीवाला रिक्षावाला. कोणाला काय झालं होतं, सोबत कोण आलं होतं, सगळं. मी त्यांना पुन्हा फोन लावत गेलो, या वेळी वरच्या गोळीचं विचारायला. तिघांनी गोळी खाल्ली होती, तिघेही ठणठणीत. सात जणांनी ती घरी डब्यात जपून ठेवली होती, वर मिळालेली म्हणून. त्या त्यांनी आणून द्यायच्या कबूल केल्या. झाले दहा.

"अकरावा कोण?"

"मी धाच दिल्या."

"अकरा कमी आहेत."

"असतील. मी धाच दिल्या."

मी पुन्हा मोजलं. अकराच. माझा तोल गेला. दहा सांगतेय म्हणजे अकरावी लपवतेय. आणि वर मलाच ऐकवतेय, चोराच्या उलट्या बोंबा! उद्या त्या गोळीनं कोणाचं बरंवाईट झालं तर? "शशिकलाबाई, तुम्ही रविवारपासून येऊ नका," मी म्हणालो. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, जेवणाचा डबा आणि पिशवी उचलली आणि अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेली.

मी शटर ओढत होतो तेवढ्यात एलिशेवाचा फोन. "लवकर या, शब्बाथचे दिवे लावायची वेळ होत आली. आणि हो, तापाच्या गोळ्या आणा, घरातल्या संपल्यात. बुधवारी तुमचं डोकं दुखत होतं तेव्हा दुकानातलीच घेतलीत ना?"

घेतली होती. बुधवारी, त्याच डब्यातून, पाण्याबरोबर. लिहायचं लक्षातही आलं नव्हतं. मालकाचं कोण लिहितो? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कुलूप कसंबसं लावून मी बस स्टॉपकडे धावलो, साठीच्या माणसानं धावू नये तसा.

ती उलव्याच्या बसच्या रांगेत उभी होती, डोळे पुसलेले कळत होते. "अकरावी मी खाल्ली," मी धापा टाकत म्हणालो. "बुधवारी. मीच. शशिकला, माझं चुकलं, रविवारी ये, मी तुला..."

"कवा? बुधवारी?" तिनं माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं भर रस्त्यात माझं कपाळ चाचपलं. "मळमळतंय? चक्कर येते? घाम केवढा आलाय तुमाला!"

"घाम धावल्यामुळे आलाय. माझं ऐक तरी, मला माफ..."

बस आली, रांग चढली. ती चढली नाही. माझं मनगट तसंच धरून ती रस्त्यात उतरली होती आणि रिक्षावाल्याला ओरडून थांबवत होती: "आरं थांब, आमच्या शेटना डॉक्टरकडं न्यायचं हाय!"