आधार नानांचा उपप्रश्न

नरडाण्याहून आत वळलं की आधार नानांचं गाव लागतं. गावाला सरपंच आहे, पोलीस पाटील आहे आणि एक परराष्ट्रमंत्रीही आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, पण ते पद काही फुकट मिळालेलं नाही. गावाबाहेर जे संबंध जोडायचे ते आधार नानांनी. शिरपूर, जामनेर, भुसावळ, थेट सेंधव्यापर्यंत समाजात कुणाचा मुलगा कुठे चिकटला आणि कुणाची मुलगी काय शिकली, हे नानांना विचारावं. नाना सोयरिकी जमवतात. त्याचा एक पैसा घेत नाहीत, फक्त जेवणात गोड असलं पाहिजे.

परराष्ट्रमंत्री हे नाव ठेवलं भिकन आबांनी, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नाही. भिकन आबा म्हणजे नानांचे चुलत भाऊ आणि जन्माचे विरोधी पक्षनेते. गावची रीत अशी की नानांनी स्थळ आणलं की विहाराच्या अंगणात, लिंबाखाली बैठक बसायची. नानांनी मधोमध बसायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. शेतीवाडी, नोकरी, व्यसन, सासूचा स्वभाव, सगळं निघायचं. सगळ्यांचं विचारून झालं की आबा टोपी सारखी करायचे आणि आपला एकच प्रश्न टाकायचे, "नाना, देखं का आयकं?"

म्हणजे हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, की कुणाकडून ऐकलंत?

या प्रश्नाने नानांना एकदा पार उताणं पाडलं होतं. जामनेरचं एक स्थळ त्यांनी आणलं. घर दोन मजली, पुढे ओटा, दारात गाडी, असं बैठकीत रंगवून सांगितलं. आबांनी विचारलं, देखं का आयकं? नानांनी ते घर पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी झक मारत जामनेरची एसटी पकडली. घर दोन मजलीच होतं, ओटा होता, गाडीही होती. फक्त ते सगळं घरमालकाचं होतं आणि नवरदेव मागच्या खोलीत भाड्याने राहत होता. तेव्हापासून नियमच झाला. नानांनी घरात जायचं, बसायचं आणि तिथलं पाणी पिऊन यायचं. पाण्याला खोटं बोलता येत नाही, असं नानाही मग स्वतःचंच तत्त्वज्ञान असल्यासारखं सांगू लागले. पाणी कोण आणतं, हसत आणतं की आतून कुणी ढकलल्यावर आणतं, तांब्या घासलेला आहे की नाही, त्यावरून घर कळतं म्हणे.

नाना तसे लबाडही होते, ते सांगायला हवं. ज्या घरी गेलेच नाहीत त्याबद्दल कुणी विचारलं की त्यांची दोन उत्तरं ठरलेली असत. एक, "बोलनं चाली रायनं." बोलणी चालू आहेत. आणि दुसरं, "बठ्ठं बेस शे, असा निरोप शे." सगळं छान आहे, असा निरोप आहे. आबा ही उत्तरं ऐकून कुत्सित हसायचे आणि नानांना पुन्हा एसटीत बसवायचे.

पण नातीच्या बाबतीत नानांनी अजिबात लबाडी केली नाही. वृषाली त्यांच्या मुलाची मुलगी, धुळ्याला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. तिच्यासाठी भुसावळचं स्थळ आलं. मुलगा जीवन, आयटीआय केलेला, मालवाहू बोटीवर इंजिनाकडे फिटर. वडील नाहीत, आई लिलाबाई. नाना गेले. लिलाबाईंचे गुडघे धरलेले, त्या उठू लागल्या तर जीवनने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, स्वतः आत गेला आणि पाणी घेऊन आला. तांब्या चकचकीत होता. नाना पाणी प्यायले आणि तिथल्या तिथे मनात लग्न लावून मोकळे झाले. बैठकीत आबांनी प्रश्न विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, "देखं. पानीबी पिनू." साखरपुडा झाला, दिवाळीनंतरची तारीख धरली, आणि जीवन शेवटची एक खेप करून येतो म्हणून बोटीवर गेला.

तो अडकला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बंदरात बोटीच्या मालकाचं आणि तिथल्या लोकांचं भांडण झालं. मालकाने हात वर केले आणि बंदराने बोट धरून ठेवली. बोटीवरच्या माणसांना खाली उतरायचीही परवानगी नाही. जीवनचा अधूनमधून फोन यायचा, पण फोनवर एकच पालुपद, मी मजेत आहे, काळजी करू नका. दिवाळी गेली, लग्नाची तारीख गेली, संक्रांतही गेली. भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली की पोरगी किती दिवस बसवून ठेवायची. नाशिकचं एक चांगलं स्थळही कुणीतरी सुचवलं.

बैठक बसली. आबांनी विचारलं, जीवन कसा आहे, कधी येईल? आणि नानांच्या तोंडून सवयीने निघालं, "बोलनं चाली रायनं." यावर कुणीच हसलं नाही, आबासुद्धा नाहीत. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर त्यांनी वृषालीला नाशिकचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाना, त्याच्या घरचं पाणी तुम्ही स्वतः प्यायलात ना?"

"हो ग बाई."

"मग मी थांबते. तुम्ही फक्त त्याला आणा."

आता आणा म्हणजे कुठून आणा? भुसावळहून आणायचं तर नानांनी पुढच्याच एसटीने त्याला तिच्यापुढे आणून उभा केला असता. पण बोटीपर्यंत जायला एसटी नाही. ज्या पोरीने आपल्या एका घोटावर सगळं आयुष्य टेकवलं, तिला काय तोंड दाखवायचं, या विचाराने नानांची झोप उडाली. गोड खाणंसुद्धा सुटलं, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते समजा.

वाट सापडली ती लग्नाच्याच मांडवात. लग्नसराईत खासदार दिल्लीत कमी आणि मांडवात जास्त असतात. नानांनी जमवलेल्या एका लग्नाला आपले खासदार आले. फोटो काढायला सगळे ओळीत उभे राहिले, तेव्हा नानांनी त्यांचा हात धरला आणि फोटोग्राफर बोंबलत असताना सगळी हकिगत सांगून टाकली. खासदार म्हणाले, अधिवेशन आहे, प्रश्न लावतो. त्यांचा मदतनीस नवल म्हणून एक चुणचुणीत मुलगा होता, त्याने बोटीचं नाव आणि लिलाबाईंचा नंबर मोबाईलमध्ये टिपून घेतला. नानांना वाटलं, झालं, अक्षता पडल्या आणि आपलं काम संपलं. पुढारी मांडवात काय काय कबूल करतात, ते नानांपेक्षा जास्त कोण जाणणार?

पण पंधरवडा उलटला आणि नवलचा फोन आला. संसदेत कुणाचे प्रश्न घ्यायचे त्याच्या सोडतीत खासदारांचा प्रश्न निघाला होता. परराष्ट्र खात्याला विचारलेला, तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून सभागृहात उत्तर द्यायचं. फक्त यादीत नंबर बराच खाली लागला होता. प्रश्नांना तास एकच मिळतो, तेवढ्यात तिथपर्यंत पोचले तर पोचले. नाहीतर छापील उत्तरावर समाधान मानायचं.

त्या दिवशी विहाराच्या अंगणात वायर ओढून टीव्ही बाहेर आणला. भुसावळहून लिलाबाई आल्या, वृषालीने सुट्टी टाकली. भिकन आबा सगळ्यांत आधी येऊन पुढची खुर्ची धरून बसले होते. कामकाज सुरू व्हायच्या आधी नवलचा फोन आला. खात्याचं लेखी उत्तर हातात पडलं होतं, तो वाचून दाखवू लागला. आपला दूतावास तिथल्या संबंधित अधिकाऱ्यांच्या सतत संपर्कात आहे, चर्चा चालू आहे, आणि बोटीवरचे सर्व भारतीय सुखरूप असल्याचं कळवण्यात आलं आहे.

लिलाबाईंनी हात जोडले. सुखरूप हा शब्द ऐकूनच त्यांना हायसं वाटलं. नाना मात्र मान हलवत म्हणाले, "हाई ते मनंच उत्तर शे."

"काय झालं नाना?" नवलने विचारलं.

"अरे बाबा, हे माझं उत्तर आहे. चर्चा चालू आहे, सगळं बेस असल्याचा निरोप आहे. जिथे मी गेलेलो नसतो ना, त्या घराबद्दल मी हेच सांगतो. सुखरूप असल्याचं कळवलं कुणी? बंदराच्या साहेबाने कळवलं असेल, त्याचं काय जातं? आपल्यातला कुणी त्या बोटीवर चढला का?"

नवल म्हणाला, सभागृहात नंबर आला तर खासदारांना उपप्रश्न विचारता येतो. ते इथे उभेच आहेत, काय विचारू म्हणतात. अंगणात एकदम गलका झाला. कुणी म्हणे त्या देशाला दम भरायला सांगा, कुणी म्हणे विमान पाठवायला सांगा. नानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "एवढंच विचारा म्हणावं. तुमचा माणूस बोटीवर जाऊन, आमच्या पोरांच्या हातचं पाणी पिऊन आला का?"

असं कसं विचारणार, असं पलीकडे नवलला वाटलं असावं. पण फोन खासदारांनी स्वतः ओढून घेतला होता. ते म्हणाले, "नाना, मीही खान्देशातलाच आहे. विचारतो."

प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. पहिल्याच प्रश्नावर इतका काथ्याकूट झाला की आबा मंत्र्यांवर नाही, अध्यक्षांवर चिडले. घड्याळ पुढे सरकत होतं आणि लिलाबाईंच्या ओठांची हालचाल काही थांबत नव्हती. मग दोन खासदारांची नावं पुकारली तर ते जागेवर नव्हते, त्यांचे प्रश्न मागे पडले. आयुष्यात पहिल्यांदा गावाने गैरहजर खासदारांना आशीर्वाद दिले. तास संपायला आला आणि आपल्या खासदारांचं नाव पुकारलं गेलं.

मंत्री शांत स्वभावाचे दिसले. उत्तर पटलावर ठेवल्याचं त्यांनी सांगितलं. खासदार उठले. आधी त्यांनी पाण्याचा प्रश्न चांगला इस्त्री करून विचारला, दूतावासाच्या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष भेट दिली आहे काय वगैरे. नानांनी कपाळाला हात लावला. पण मग खासदार थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडे सोयरीक जुळवताना विचारतात, देखं का आयकं? तुमच्या माणसाने त्या मुलांना डोळ्यांनी पाहिलं का, त्यांच्या हातचं पाणी प्यायला का, एवढंच एका आजोबांना माझ्या मतदारसंघातून विचारायचं आहे."

सभागृहात हशा पिकला. मंत्रीही हसले, पण उत्तर द्यायला उभे राहिले तेव्हा हसत नव्हते. त्यांनी हातातले कागद चाळले आणि खाली ठेवले. म्हणाले, प्रामाणिकपणे सांगतो, अशी प्रत्यक्ष भेट झाल्याची माहिती माझ्याकडे आत्ता नाही. आमचा अधिकारी बोटीवर जाईल आणि मी सभागृहाला कळवीन.

"म्हंजे आयकं व्हतं," आबा खुर्चीचे हात धरून म्हणाले. "देखं नही." आणि त्यांनी नानांच्या पाठीवर असा धपाटा घातला की नानांच्या चष्म्याची काडी वाकली. उभ्या जन्मात विरोधी पक्षाकडून नानांना मिळालेली ती पहिली शाबासकी.

पुढे काय झालं ते जीवनच्या तोंडूनच कळलं, कारण भीमजयंतीच्या आदल्या दिवशी तो नरडाणा स्टेशनवर उतरला. लिलाबाई दोन दिवस आधीच येऊन बसल्या होत्या. जीवन वाळून खारीक झाला होता आणि दाढी वाढलेली होती, पण तोच होता. विहाराच्या अंगणात निळे झेंडे लागले होते. बैठक बसली. या खेपेला मधोमध जीवन बसला.

त्याने सांगितलं, एके दिवशी एक साहेब होडीतून आला. लोंबत्या शिडीवरून घाबरत घाबरत वर चढला, घाम पुसला आणि फार ओशाळून म्हणाला, माफ करा, पण तुमच्या हातचं पाणी प्यायचं आहे, संसदेत विचारलंय. "आम्ही सगळे हसलो," जीवन म्हणाला. "कितीतरी दिवसांनी हसलो. आणि मग एकमेकांकडे बघायला लागलो."

"का रे?"

"द्यायला पाणीच नव्हतं नाना. टाकीतलं गोडं पाणी संपलेलं. ताडपत्रीवर पावसाचं धरून ठेवलेलं होतं, गंजाचं, ते आम्ही उकळून पीत होतो. घरी कसं सांगणार? तेच त्याला दिलं. तो खरंच प्यायला हो. एक घोट घेतला आणि पेला हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच संध्याकाळी पाण्याची होडी आली. मग तो रोज यायला लागला, आम्हाला खाली उतरवून घेईपर्यंत."

लिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. पाण्याला खोटं बोलता येत नाही, हे नाना इतकी वर्षं नुसतं मिरवत आले होते. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

वृषाली आत गेली आणि माठातलं गार पाणी भरून तांब्या घेऊन आली. कुणाला ढकलावं लागलं नाही. जीवन प्यायला लागला. घटाघटा, हनुवटीवरून ओघळत, सगळा तांब्या संपवला आणि रिकामा तांब्या पुन्हा तिच्यापुढे धरला. अंगणातले सगळे सवयीने भिकन आबांकडे बघू लागले, कारण त्यांचा प्रश्न झाल्याशिवाय बैठक उठत नाही.

आबांनी टोपी काढली, तिनेच डोळे पुसले आणि म्हणाले, "देखं."