घट हलवला

मैत्रिणींनो, चक्रीवादळाचा पाऊस आज रात्री आपल्याकडे येणार म्हणून सकाळपासून तहसीलची जीप फिरतेय. धरणाचे दरवाजे उघडणार, नदीकाठच्यांनी शाळेत जायचं.

जाऊबाई उठेचनात. "दसऱ्याआधी घट हलवत नाई वं. तू कॉन्व्हेंटवाली, तुले काय समजते?"

लग्नानंतर घट मांडायला मला त्यांनीच शिकवलं होतं. "मग मीही इथंच बसते," म्हणाले आणि बसले.

बऱ्याच वेळानं त्यांनी घट आणि दिवा उचलला. "चाल, ऊठ. तुले काही झालं तं भाऊजीले काय सांगू?"

नऊ दिवस तेवायचा दिवा जीपमध्येच विझला.

आता घट शाळेच्या टेबलावर आहे. जाऊबाई घटाकडे पाठ करून बसल्यात. मला रडूही येत नाही.

कुणी असा घट हलवलाय का? दिवा पुन्हा लावतात का? मी लावला तर चालेल?