नारळ फुटला, खडक फसवा

नारळ फुटला होता. म्हणजे खडक लागला. आमच्या बोअरिंगवाल्यांची ही प्रथाच: मशीनने जमिनीत भोक पाडत जायचं, खडक लागला की नारळ फोडायचा, खोबरं खायचं आणि गाशा गुंडाळायचा. नारळानंतर त्याच भोकात मशीन चालवणं अशुभ.

मी जिऑलॉजिस्ट. अर्नाळ्याच्या साइटवर पोहोचलो तेव्हा क्रू खोबऱ्यावर आला होता. जागा मासळी विकणाऱ्या चंद्राबाईंची; तिथे त्यांना दोन मजली घर बांधायचं होतं. त्यांच्या दोन मुलांत बोटीवरून अबोला. "दोघांना येगयेगळा मजला दिला नाय, तर एक जन मला सोडून जानार," असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

"साहेब, पुरुषभर खोलीवर दगड!" कॉन्ट्रॅक्टर खूश. "पाया घालून टाकू."

मी कोअर, म्हणजे भोकातून निघालेला दगडाचा दांडा, हातात घेतला. त्यात एक शिंपला होता.

"हा बसाल्ट नाही."

"दगड तो दगड, साहेब."

नाही ना बाबा! आपला काळा दगड, बसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्या भट्टीत शिंपला टिकेल कसा? हा दुसरा प्रकार. किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले साचतात, पाण्यातला चुना त्यांना चिकटवतो. वरून कडक, पण थर पातळ असू शकतो. तिसऱ्या प्रकारात जुन्याच खडकाला जमिनीखाली उष्णता आणि दाब मिळतो आणि तो पार बदलतो. चुनखडीचा मार्बल होतो तसा. तो अर्नाळ्यात फक्त देवघरात सापडतो.

"अजून खाली जा," मी म्हणालो.

"नारळ फुटलाय, साहेब."

माझी डिग्री नारळापुढे हरली. चंद्राबाई तरातरा गेल्या आणि शेजारून दुसरा नारळ घेऊन आल्या. "पयला शिंपल्याचा झाला. ह्यो खऱ्या दगडाचा. चालवा मशीन!"

हातभर खडक संपला आणि रॉड स्वतःच्याच वजनाने चिखलात गेला. कॉन्ट्रॅक्टरचं तोंड बघून मला आनंद झाला. मग चंद्राबाईंकडे पाहिलं आणि तो ओसरला. बसाल्ट बराच खाली लागला. तिथपर्यंत काँक्रीटचे खांब न्यायचे, तर वरच्या मजल्याचा खर्च जमिनीतच जाणार होता.

"एकच मजला बांधा. पण घर खचणार नाही," मी म्हणालो.

"घर नाय खचनार. मानसं खचतील त्याचं काय?"

मी एकाच मजल्याचा रिपोर्ट लिहून दिला.

घर झालं. दोघे भाऊ एकाच मजल्यावर राहतात. अबोला सुटला, आता रोज भांडतात. "पन कोनी गेला नाय," चंद्राबाई परवा म्हणाल्या.

तर धडा एवढाच: नारळ फोडण्याआधी शिंपले बघावेत. आणि अर्नाळ्यात तिसऱ्या प्रकारचा खडक नाही, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. त्या घरात उष्णता आहे, दाबही भरपूर आहे. मार्बल होतो की भुगा, ते एवढ्यात सांगता येत नाही.