ज्योतीच्या तळहातावरचे ठिपके

माझी भक्ती सारी तोंडाची होती, हे मला सून ज्योती मरणाच्या दारात गेली तेव्हा कळलं. अल्लीपूरला आमचा भाजीपाल्याचा मळा. ज्योतीचं बाळंतपण सुखरूप झालं तर गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांना बोकड देईन, असा माझा नवस होता. पोरगी झाली, सहा महिने उलटले, बोकड दावणीलाच. निघायचं ठरलं तेव्हा पाहिलं तर अंगभर गोचीड. असं जनावर बाबांपुढे कसं न्यायचं, म्हणून मी ज्योतीला ते वेचायला बसवलं. ती एकेक काढून नखावर चिरडत होती. "आई, किळस येऊन राह्यली," म्हणाली. माझी जीभ आधीच तिखट. म्हटलं, "नखरे करू नको, देवाचं काम हाये."

आठवड्यानं तिला ताप भरला तो उतरेचना. पाचव्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी जनावरं आहेत का, गोचीड चावला का? मुलगा शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "नाई." आईनंच माझ्या बायकोला आजारी पाडलं, असं तो म्हणेल, एवढीच भीती. बाईंनी तरी गोचीडतापाची रक्ततपासणी करवली. रोगाशी लढायला शरीर जे तयार करतं, ते रक्तात आहे का हे त्यात पाहतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला. इकडे ज्योती बरळत होती, आणि मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती ओळख देईना. घरी तान्हं लेकरू आईसाठी रडत होतं. मी डोळे मिटून बाबांचा धावा करत होते, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची आई ज्योतीला पाणी पाजायला उठली आणि थबकली. "बाई, इच्या तळहाताले पाहा. ठिपके उठले. माह्या भावाले असेच आल्ते, गोचीड चावला होता त्याले."

"तुम्ही कुठल्या?" मी विचारलं.

"गिरडची."

ज्या बाबांचा धावा करत होते, त्यांच्याच गावची. तशीच उठले आणि मुलादेखत डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. तो ज्योतीच्या खाटेजवळ जाऊन तिचा तळहात बघू लागला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सुरुवातीला रक्तात काही दिसत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू. औषध मात्र आत्ताच." पुराव्यासाठी त्या थांबल्या नाहीत. दोन दिवसांत ताप उतरला.

दुसरा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. रक्ताला खरं सांगायला दोन आठवडे लागले. मला तर पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.

पुढे बोकड घेऊन गिरडची टेकडी चढताना मी ज्योतीची माफी मागितली. ती म्हणाली, "आई, बाईनं मले बी विचारलं होतं, शुद्धीत होती तवा. तुमच्यावर येईन म्हणून मी बी नाईच म्हटलं."

मी तिच्या कडेवरचं लेकरू माझ्याकडे घेतलं. जिला मी धाकात ठेवलं, ती जिवावर बेतलं तरी मला झाकत होती. त्या दिवशी बाबांपुढे डोकं टेकवलं, पण मागितलं काही नाही. मागण्याआधीच त्यांनी किती दिलं होतं. आता बकऱ्यांचे गोचीड मीच काढते, हातमोजे घालून. आणि घरात माझ्या हातून काही चुकलं, तर कुणी विचारायच्या आत सांगून टाकते.