आधी तळघर, मग घर

ओरिसिया कोवाल्चुकच्या घरात दोन स्वयंपाकघरं होती, आणि विनिपेग शहरातल्या आमच्या भागात त्याचं कुणालाच नवल नव्हतं. वरचं पाहुण्यांना दाखवायला, खालचं रांधायला. वरच्या शेगडीवर तिनं इतक्या वर्षांत दूध कधी उतू जाऊ दिलं नाही, कारण तिथं दूध कधी तापलंच नाही. कोबी शिजायचा तो तळघरात. चर्चच्या जेवणासाठी बायका जमून पिरोग्या, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायच्या, शेजारणीपाजारणींची उणीदुणी निघायची, तीही तळघरातच.

१९८४ साली तिचा मुलगा बोहदान बायकोपोरांसह तिच्याकडे राहायला येणार म्हणाला. ओरिसिया मनापासून खूश झाली. पण माणसं येण्याआधी नकाशा आला, आणि नकाशाबरोबर ग्लेन नावाचा ठेकेदार. तळघरात गालिचा, भिंतींना लाकडी तक्ते, मोठा टीव्ही, कोपऱ्यात बार. तिची शेगडी आणि लोणच्यांच्या बरण्यांची थंड खोली त्या नकाशात कुठंच नव्हती.

"तुझ्या गुडघ्यांसाठीच चाललंय हे, आई," बोहदान म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, जिना चढायचा-उतरायचा नाही म्हणून? तू आपली वर राहा. वरचं स्वयंपाकघर बघ कसं लख्ख आहे!"

"लख्खच राहू दे."

ग्लेननं छताच्या उघड्या तुळयांकडे पाहिलं, उघड्या काँक्रीटवर थाप मारली. "मॅडम, इतकी वर्षं हे असं अर्धवट कसं ठेवलंत?"

अर्धवट! तिला तो शब्द झोंबला, आणि का झोंबू नये? दुसऱ्या महायुद्धानंतर ती आणि तिचा नवरा वसिल या देशात आले, तेव्हा त्यांची ऐपत खड्डा खणून काँक्रीट ओतण्यापुरतीच होती. त्यांनी तळघर बांधलं, वर डांबरी कागदाचं छप्पर घातलं आणि राहायला लागले. आमच्या गल्लीत तेव्हा असे बरेच जण जमिनीखाली राहत. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं एक धुराडं आणि एक दार. बर्फ पडला की वसिल फावड्यानं वाट काढून कामाला जायचा. बोहदान जन्मला तोही त्याच शेगडीच्या उबेला. वरचं घर पुढं कधीतरी चढलं, आणि आता वसिलही नव्हता.

"अर्धवट?" ओरिसिया कडाडली. "अहो, हे आधी पुरं झालं! अर्धवट होतं ते वरचं. बोहदान, सांग यांना तू कुठं जन्मलास ते."

बोहदानचे कान लाल झाले. "आई, तुझ्या भावना समजतात मला, पण..."

"भावना नाही रे, शेगडी म्हणतेय मी! शेगडी!"

पण त्यानं सोमवारी काम सुरू करायचं ठरवूनच टाकलं होतं. आईचा राग म्हणजे चहाच्या पेल्यातलं वादळ, असं त्याला वाटत होतं. पन्नाशीकडे झुकली तरी मुलं आईला ओळखत नाहीत, हा तर अजून तिशीतलाच.

रविवारी चर्च सुटल्यावर ओरिसियानं शेजारच्या स्टेफाला हाक मारली. दोघींनी मिळून पलंग सुटा केला आणि एकेक फळी जिन्यावरून खाली नेली.

"गुडघे मोडून घेशील गं बाई!" स्टेफा धापा टाकत म्हणाली.

"आज मोडू देत. उद्यापासून जिनाच नाही."

सोमवारी बोहदान आणि ग्लेन घण घेऊन उतरले, तर शेगडीला लागून पलंग. उघड्या काँक्रीटवर वसिलचा फोटो, त्यावर हारासारखा घातलेला भरतकामाचा टॉवेल. पातेल्याला उकळी फुटलेली, बाजूच्या ताटात पहिल्या पिरोग्या.

"आई, हे काय आता?"

"डॉक्टरांचं ऐकतेय. जिना चढायचा नाही ना? मग मी वर येणारच नाही. रविवारी चर्चपुरती चढेन, ते पाप डॉक्टरांच्या माथी."

"अगं, मग वर कोण राहणार?"

"तुम्ही. वर गालिचा आहे, लख्ख स्वयंपाकघर आहे. टीव्ही तिथं लाव."

"आई, लोक काय म्हणतील? मुलानं आईला तळघरात टाकलं!"

आता मात्र ती पातेलं सोडून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. गुडघे दुखत होते, ते तिनं दिसू दिलं नाही.

"इथंच तुला कुशीत घेऊन मी त्या छताकडे बघत पडायची. यावर एक दिवस घर चढू दे, एवढंच मागायची देवाकडे. चढलं घर. पण मला इथून उठवायला नव्हतं मागितलं ते."

बोहदाननं वर पाहिलं, तुळयांकडे. ग्लेननं घण भिंतीला टेकवून ठेवला आणि टोपी काढली.

"उभे काय राहिलात?" ओरिसिया म्हणाली. "बसा. पिरोग्या निवताहेत."