ताइमीच्या गाण्यांची राखण

"यंत्र जागं आणि माणूस दूर, अशी वेळ सांगा."

सिल्वी केत्तुनेन कुणाच्याही घरी गेली की दाराशी बूट काढता काढता हे वाक्य म्हणायची. कॉफी त्यानंतर.

आमच्या हापालाहती गावात तीस वर्षं तिने घरोघर फिरून दूध तपासलं. पुढे गायी गेल्या, गोठे रिकामे झाले, आणि त्याच घरांत खिडकीशी संगणक येऊन बसले. बहुतेक शहरातल्या लेकरांनी टाकून दिलेले, धापा टाकणारे. सिल्वी साठीला आल्यावर ते शिकली आणि पुन्हा घरोघर फिरू लागली, यावेळी व्हायरससाठी. ती प्रत्येकाच्या यंत्रात तपासणीचा प्रोग्राम बसवायची आणि त्याला वार-वेळ लावून द्यायची. ठरल्या वेळी तो आपणहून उठायचा आणि सगळ्या फायली एकेक करून चाळायचा. पण ही जुनी यंत्रं अशी, की चाळणी चालू असताना दुसरं काही करायला जावं तर जागीच थिजायची. म्हणून तो प्रश्न.

त्यातून तिला गावातल्या घराघरातली रिकामी घटका ठाऊक झाली होती. टपालवाल्या ओस्मोची दुपारची डुलकी, आमची तळ्यावर जाळी टाकायला जायची वेळ. ती कुणाचं कुणाला सांगत नसे.

अडली ती फक्त आमच्या शेजाऱ्यांकडे, कालेर्वो आणि त्याची बायको ताइमी यांच्याकडे. ताइमीने आईकडून ऐकलेली दोनशे गाणी एका बोटाने टाइप करून ठेवली होती. गेल्या हिवाळ्यात ई-मेलमधून आलेल्या व्हायरसने त्यातली चाळीस खाल्ली, आणि तबकडीवरची प्रतही नासली. शहात्तर वर्षांच्या बाईने सदतीस पुन्हा आठवून लिहिली. तीन काही आठवेनात; त्यातलं एक नावाड्याचं. पुन्हा असं झालं तर सदतीसही आठवणार नाहीत, हे तिला कळत होतं.

"कालेर्वो," सिल्वी म्हणाली, "यंत्र जागं आणि..."

"माझ्या घरात माणूस दूर असताना विजेचं काही जागं राहत नाही." त्याचा गोठा एकदा तारेच्या ठिणगीने जळाला होता. तेव्हापासून खोली सोडताना तो प्लग उपटूनच उठायचा.

"आणि फ्रिज?"

"त्यावर माझा डोळा असतो."

"झोपेतसुद्धा?"

"झोपेत कान असतो."

चुलीपाशी ताइमी होती. "अठ्ठेचाळीस वर्षं मी बोलतेय, ते काही त्या कानाला ऐकू आलं नाही. सिल्वी, शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ लाव. आम्ही अंगणातल्या सौनात वाफ घेत असतो."

कालेर्वोने दोन घोट कॉफी घेतली. मग होकाराची मान डोलावली. गाणी त्यालाही हवी होती.

तिसऱ्या शनिवारी तपासणीचा निकाल बघायला सिल्वी पुन्हा आली. सौनाच्या धुराड्यातून बर्चच्या लाकडांचा धूर सरळ वर चालला होता, आणि पायरीवर ताइमी एकटीच बसली होती, लालबुंद, केस ओले.

"मालक कुठे?"

"घरात. राखणीला. तिसरा शनिवार हा. सौनात डहाळीने एकमेकांची पाठ झोडायची असते; स्वतःची स्वतः झोडून बघ एकदा, मग कळेल." ओले केस पिळत ती म्हणाली, "गाणी मला तिथेच आठवतात गं. तो वाफेसाठी तापल्या दगडांवर पाणी टाकतो, काहीतरी चुकीचं गुणगुणतो, मी त्याला सुधारते आणि पुढची ओळ येते. तीन शनिवारांत एक शब्द सुचला नाही."

सिल्वी आत गेली. कालेर्वो लोकरी टोपी घालून पडद्यासमोर बसला होता. फायलींची नावं भराभर सरकत होती. शेजारी पाण्याची बादली.

"सापडलं कुणी?"

"नाही. पण हिने किती लिहून ठेवलंय!"

"बादली कशाला?"

"आग लागली तर."

"विजेवर पाणी टाकणार?"

त्याने विचार केला. "मग वाळू आणतो."

सिल्वीने खुर्ची ओढली. तिने शनिवारची वेळ पुसून टाकली आणि ज्या गोष्टीला ती गावभर नाही म्हणत आली होती, ती चालू केली. आता प्रोग्राम मागे गुपचूप जागा राहणार होता. जी फाइल उघडाल किंवा जतन कराल, तेवढीच तो आधी तपासणार.

"जुन्या यंत्रावर मी हे कुणालाच करून देत नाही," ती ताइमीला म्हणाली. ताइमी अंगाभोवती पंचा गुंडाळून मागे येऊन उभी होती. "प्रत्येक फाइल उघडायला वेळ लागेल. जीव मेटाकुटीला येईल तुझा."

ताइमीने बसून एका गाण्यावर टिचकी मारली. चष्मा शोधला, पंचाच्या टोकाने पुसला, नाकावर चढवला. समोर गाणं उघडून तयार होतं.

"कुठाय तुझा उशीर?"

"म्हणजे आम्ही बसलो की ते राखण करणार," कालेर्वो म्हणाला, "आणि आम्ही उठलो की मी प्लग काढला तरी चालेल?"

"संगणक रीतसर बंद करून मग काढ."

त्याने तो रीतसर बंद केला, मग प्लग काढला आणि टोपी खुंटीला लावली. "सौना थंड होतोय, मालकीणबाई. बसून काय राहिलीस?"

सिल्वीने एकटीने कॉफी घेतली, सोबत वेलदोड्याचा गोड पाव खाल्ला, कप विसळले आणि बूट चढवले. मी कुंपणाशी लाकडं रचत होतो. ती अंगणात आली तेवढ्यात सौनाचं दार धाडकन उघडलं.

"नावाड्याचं गाणं!" आतून ताइमी ओरडली. "पहिलं कडवं आलं!"

"जा, लिहून ठेव आधी!" सिल्वीने अंगणातूनच सांगितलं.

"लिहील नंतर," कालेर्वोचा आवाज आला. "दुसरं आत्ता येतंय."

सिल्वीने हात हलवला आणि तळ्याकाठच्या वाटेने निघाली. बर्फावर संध्याकाळचा निळा रंग उतरला होता. दोघं पंचे गुंडाळून पायरीवर आली. अंगातून वाफा निघत होत्या, आणि सिल्वी बर्चच्या झाडांआड जाईपर्यंत दोघं तिच्याकडे बघत उभी होती.