अंबिकाबाईंचा जिना सुटला

जेसल पार्क कॉलनीत अंबिकाबाईंशी वाद घालायची हिंमत फक्त त्यांच्या गुडघ्यांत होती. वर दवाखाना, खाली मितेशशेठचं मेडिकल आणि काउंटरवर बाई. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कागदावर सांडलेल्या शेवया! शंका आली की बाई चिठ्ठी घेऊन वर, विचारून खाली. दिवसभर तोच जिना.

२००७ च्या दिवाळीनंतर वर-खाली दोन कॉम्प्युटर आले. डॉक्टरांनी वर औषध टाइप केलं की खाली पडद्यावर हजर. चिठ्ठी बंद, जिना बंद. अंबिकाबाईंनी त्या डब्याला हळदकुंकू वाहिलं आणि नवऱ्याला जे जन्मात म्हटलं नव्हतं ते त्याला म्हणाल्या, "आता तूच माझा आधार."

पण गिऱ्हाइकांचं बिनसलं. हातात चिठ्ठी नाही म्हणजे डॉक्टरांनी नीट तपासलंच नाही! माणसं परत वर जाऊन चिठ्ठी लिहून घ्यायची आणि रागारागाने समोरच्या मेडिकलात शिरायची. मितेशशेठ वैतागले. "बेन, शनिवार तक देखता हूँ. गिऱ्हाईक वळलं नाही, तर डबा परत."

हे ऐकूनच बाईंचे गुडघे ठणकायला लागले.

शुक्रवारी पालीच्या कोळीवाड्यातल्या जिजाबाई आल्या. मासळी विकून कमावलेला आवाज, तो पार स्टेशनापर्यंत गेला असेल. "कागद न्हाय, सही न्हाय! मी काय येडी हाय?"

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अंबिकाबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा गर्रकन रस्त्याकडे फिरवला. "बघा मावशी. तुम्ही जिना उतरायच्या आधी तुमचं नाव उतरलंय."

मागच्या माणसाने मोठ्याने वाचलं, "जिजाबाई, पाली."

"माजं नाव? टीव्हीवर?" जिजाबाईंनी पदर सारखा केला, जणू फोटोच निघणार होता. मग रांगेकडे वळून गरजल्या, "बघतलाव का? वरून डाक्टरनं धाडलंय!"

झालं! जो तो आपलं नाव बघायला पुढे घुसू लागला. संध्याकाळी तर काहीच दुखत नसलेले दोघे तपासून घेऊन आले.

एकच घोटाळा झाला. नावाखाली औषधही दिसायचं, आणि सुभाषरावांचं मूळव्याधीचं मलम अख्ख्या रांगेने वाचलं. बाईंनी लगेच पडद्याच्या खालच्या भागावर पुठ्ठ्याची झडप लटकवली. ती उचलायचा हक्क फक्त त्यांचा. कॉलनीतल्या बायका फार हळहळल्या.

शनिवारी मितेशशेठ डबा न्यायला आले, तर गर्दीतून आपल्याच दुकानात शिरता येईना. "बेन, रहने दो," एवढंच ते रस्त्यावरून ओरडले.

दुकान बंद करून अंबिकाबाई तो जिना पुन्हा एकदा चढल्या. दर पायरीवर थांबत, पण ऐटीत. डॉक्टरांनी सवयीने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. "काय, कुठलं अक्षर लागलं नाही?"

"सगळी लागली आज," म्हणत बाईंनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "यापुढे भेटायचं असेल तर तुम्ही खाली या."